यंत्राची साथ आणि माणसाची साथ



आजच्या वर्धापनदिनी मला दोन शब्द बोलावयास सांगितले, याबद्दल मी मंडळाची आभारी आहे. मी गायिका नव्हे. भजनात मागच्या ओळीत बसून टाळ धरणारी. तेव्हा अनुभवाचे तेवढेच सांगते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आले. मंडळाच्या खोलीचे पत्रे उडाले, पेटी भिजली, तबल्याची पुडी गेली. पुढे तबलजीकाकाही मुलाकडे पनवेलला राहावयास गेले. भजन बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा माझ्या सुनेने मोबाईलमध्ये तंबोऱ्याचे आणि तबल्याचे ॲप घालून दिले.

"यंत्रापुढे बसून कसले भजन?" असे काहींना वाटले. पण पेटी तरी आपली कुठे होती? तीही परदेशातूनच आली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत चालली. देवळातली पेटी काही थांबली नाही. पुढे बेंगळूरच्या जी. राज नारायण यांनी विजेवरची श्रुतिपेटी तयार केली. आज तसा सूर मोबाईलमध्येच मिळतो.

रीत सोपी आहे. प्रथम पट्टी ठरवावी. आपल्याला काळी चार बरी पडते. मग ठेका निवडावा, केरवा आठ मात्रांचा, दादरा सहांचा. शेवटी मिनिटाला किती मात्रा, तो आकडा लावावा. आम्ही ९० लावला. तिसऱ्या कडव्याला आम्ही यंत्राच्या पुढे! सर्वांनी एकमुखाने सांगितले, यंत्र बिघडले. मी घड्याळ समोर ठेवून मोजले. मिनिटाला बरोबर ९० मात्रा भरल्या. धावत होतो त्या आम्हीच.

भगिनींनो, तेव्हा माझी मान खाली गेली. "काका लय वाढवतात," अशी तक्रार मी भर सभेत केली होती. काका धावत नव्हते. आम्हांला गाठत होते.

नारळी पौर्णिमेचे नवे गाणेही आम्ही याच यंत्रावर बसवले. शब्द आमचेच. दादऱ्यात दुसरी ओळ काही केल्या समेवर येईना. केरवा लावला आणि ती आपोआप बसली. रात्री अकरा वाजता दहा-दहा वेळा ठेका बदलून द्यायला कोणता तबलजी बसला असता? मात्र आपल्या वयोवृद्ध आजी श्वास घेण्यासाठी थांबल्या, तेव्हा ठेका त्यांना सोडून पुढे गेला. काका असते तर थांबले असते. यंत्र लय सांभाळते, पण त्याला आपले गाणे ऐकू येत नाही.

गेल्या महिन्यात मी पनवेलला जाऊन काकांची क्षमा मागितली. ते हसले. म्हणाले, "अगं सूनबाई, ते मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होते. लयीसाठी तुम्हांला अडवले असते, तर निम्म्या बायका भजनाला आल्याच नसत्या."

म्हणून माझी एक सूचना आहे. घरी सराव यंत्रावर करावा. त्याने आपली चूक कळते. पण या वर्षीच्या शिलकीतून तबल्याला नवी पुडी चढवावी आणि आपल्या दोन मुलींनी तबला शिकावा. नवरात्रात गावी येईन तेव्हा शिकवीन, असे काकांनी कबूल केले आहे. नावे आजच द्यावीत, एवढे सांगून मी आपली रजा घेते.