गच्चीची किल्ली
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मला पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगायला सांगितलंय. पण संमेलन मे महिन्यात ठेवलंय आणि समोर निमंत्रणपत्रिकांचे पंखे हलताहेत, तेव्हा उन्हाळ्याबद्दलच बोलतो.

बोईसरचा उन्हाळा नागपूरकरांना सांगितला तर ते हसतात. तिकडे पारा ४५ वर, आपला ३५-३६ ला घुटमळतो. पण तिकडे घाम सुकतो. आपल्याकडे हवेतच पाणी, घाम अंगावर राहतो आणि अंग काही निवत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानातल्या कार्यक्रमात ऊन लागून चौदा माणसं गेली, तेव्हा तापमान ३८ च्या आसपासच होतं. किनाऱ्यावर नुसत्या आकड्यावर जाऊन चालत नाही.

त्यात आपलं गाव शिफ्टचं. १९६९ मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, एमआयडीसी वाढली, आणि घराघरात कुणी ना कुणी फर्स्ट, सेकंड, नाइटच्या चक्रात सापडलं. नाइट करून आलेल्या माणसाची रात्र म्हणजे तुमची दुपार. वर तापलेला स्लॅब, खाली सुट्टी लागलेली पोरं, आणि मध्ये आपण ओला पंचा अंगावर टाकून पडलेलो. हे मी बरीच वर्षं केलंय. झोप झाली नाही की पुढच्या रात्री मशीनसमोर डोळा लागतो, आणि तिथे डोळा लागणं म्हणजे काय, ते इथल्या बऱ्याच घरांना माहीत आहे.

तेव्हा या बिल्डिंगमधल्या काकूंनी एक नियम केला होता. ठराव नाही, नोटीस नाही. एक ते चार जिन्यात बॅट-बॉल नाही, बस. “अरे, वरचे काका नाइट करून आलेत,” एवढं म्हटलं की पोरं चपला हातात घेऊन उतरायची. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, मुंबईला रोज जाणारी कुटुंबं राहायला आली. चांगलंच झालं. पण त्यांना हा नियम कुणी सांगितलाच नाही.

आणि गच्ची! सकाळी तिथे खानदेशातल्या वहिनींच्या कुरडया, शेजारी वाडवळ काकूंच्या मसाल्याच्या मिरच्या. सुक्या बोंबलांची पाटी घेऊन चिंचणीकडची मावशी यायची. जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, म्हणून बेगमी मेमध्येच. हनुमान जयंतीपासून पंधरा दिवस विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा, त्यासाठी टेम्पो कधी काढायचा हेही गच्चीवरच ठरायचं. रात्री लोडशेडिंग झालं की चटया वर. पश्चिमेकडून वारा यायचा, कुणीतरी ताडगोळे आणलेले असायचे, आणि ते सोलता सोलता अख्ख्या बिल्डिंगची भांडणं मिटायची. (काही नवीन सुरूही व्हायची. खोटं कशाला बोलू!)

आता गच्चीला कुलूप आहे. वॉटरप्रूफिंग खराब होतं, हे कमिटीचं कारण खरं आहे. प्रत्येकाने एसी लावलाय, मीही लावलाय. पण माझ्या एसीची गरम हवा शेजारच्या खिडकीत जाते, आणि त्या खिडकीत एसी नाही. शिवाय आपले वॉचमन भाऊ पत्र्याच्या केबिनमध्ये बारा तास बसतात. तिथे दुपारी दहा मिनिटं बसून बघा.

म्हणून कमिटीकडे मागणं एवढंच. मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत संध्याकाळी सात ते अकरा गच्ची उघडी ठेवा. किल्ली वॉचमनकडे, खुर्च्या न्यायच्या नाहीत, चटईच न्यायची, म्हणजे वॉटरप्रूफिंगलाही धक्का नाही. जयंतीच्या शिल्लक पैशांतून केबिनला छत आणि पंखा. एक ते चारचा नियम या वेळी लिहून लिफ्टजवळ लावा. आणि गच्चीला चुन्याचे दोन हात द्या, पांढरा स्लॅब कमी तापतो. वरच्या मजल्यावरचे झोपतील तरी.

चुना माझ्याकडून. ब्रश घरून आणा. रविवारी नको, शुक्रवारी या, आमच्या बऱ्याच कारखानेवाल्यांना त्याच दिवशी सुट्टी असते. सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत.