थंडी-पावसाच्या रात्री आणि कोल्ह्यांचा बंदोबस्त

(नागोठणे परिसरातील सरपंच, शिक्षक व ग्रामपंचायत अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाताची झोडणी आटोपली, खाचरांत वालाची पेर झाली, की आपल्याकडे रात्रीची कोल्हेकुई वाढते. हिवाळा हा कोल्ह्यांच्या जोड्या जमण्याचा काळ असल्याने त्यांचा आवाज या दिवसांत अधिक ऐकू येतो. खुराड्यातून कोंबडी गेली, गोठ्यालगतचे करडू गेले, अशा तक्रारीही याच सुमारास ग्रामपंचायतीकडे येऊ लागतात. ज्या घरात चार कोंबड्या आणि दोन शेळ्या हीच शिल्लक असते, त्या घराला हे नुकसान लहान नसते. म्हणून 'कोल्ह्यांचा बंदोबस्त करा' ही मागणी रास्तच आहे. मात्र बंदोबस्त नेमका कशाचा करावयाचा, याचा विचार प्रथम झाला पाहिजे.

आपल्या शाळांतून मुले 'फॉक्स म्हणजे कोल्हा' असे पाठ करतात. वस्तुतः फॉक्स म्हणजे खोकड. ते कोरड्या, उघड्या माळरानावर राहणारे लहान जनावर आहे. अंबा नदीच्या खाडीकाठी, कांदळवनात आणि खारबंदिस्तीच्या बांधांवर आपण पाहतो तो कोल्हा निराळा. इंग्रजीत त्याला जॅकल म्हणतात. त्याचे वजन साधारणतः 8 ते 11 किलो भरते. उंदीर, घुशी, खेकडे, बोरे आणि मेलेली जनावरे हे त्याचे नेहमीचे अन्न होय. पेण व रोहे तालुक्यांतील खार जमिनीच्या शेतकऱ्यास उंदीर आणि खेकडे बांधाची काय अवस्था करतात, हे सांगावयास नको. त्यांनी पाडलेल्या भोकांतून भरतीचे पाणी शिरले, की बांधाला खांड पडते आणि शेत खारावते. त्या उंदरांना व खेकड्यांना खाणारा हा प्राणी शेतकऱ्याचा केवळ शत्रू नव्हे.

आता बिघडलेल्या हवामानाकडे वळू. डिसेंबर 2017 मध्ये 'ओखी' वादळाच्या प्रभावाने आणि पुन्हा डिसेंबर 2021 च्या आरंभी कोकणात ऐन हिवाळ्यात पाऊस झाला. 2021 च्या त्या पावसात व गारठ्यात पुणे जिल्ह्यातील जुन्नर-आंबेगाव भागात मोठ्या संख्येने मेंढ्या दगावल्या. कोंबड्यांच्या पिलांचेही असेच होते. वीज गेली, की त्यांना ऊब देणारे दिवे विझतात. पिले एकमेकांवर चढून गुदमरतात. सकाळी मेलेली पिले नाल्यात किंवा बांधापलीकडे फेकली जातात. त्या रात्री राखणदार घरात असतो, कुत्रा आडोशाला असतो आणि धुक्यात दोन हातांवरचे दिसत नाही. म्हणजे आमंत्रणही आपणच देतो आणि दारही आपणच उघडे ठेवतो. फेकलेल्या पिलांच्या वासाने आलेला कोल्हा पुढच्या रात्री जिवंत कोंबडीपर्यंत पोहोचतो.

अशा वेळी संतापाने योजले जाणारे उपाय अधिक घातक ठरतात. कुंपणात विजेचा प्रवाह सोडणे हा गुन्हा तर आहेच. परंतु ओल्या जमिनीवर, अंधारात, त्या तारेला प्रथम शेजारचा शेतकरी किंवा त्याची गाय लागण्याचा संभव अधिक. विषारी मांस ठेवले तर कुत्री, घारी आणि गिधाडे मरतात. आपल्याच जिल्ह्यात, म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे, ग्रामस्थांच्या सहकार्याने गिधाडांची घरटी राखली गेली आहेत, याचे स्मरण ठेवावे. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये 2022 साली झालेल्या दुरुस्तीनुसार कोल्हा पहिल्या अनुसूचीत आला असून ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून अमलात आहे. त्याची शिकार केल्यास किमान 3 वर्षे कारावासाची शिक्षा आहे.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट खुराड्याची. कोंबड्या दिवेलागणीपूर्वी आत गेल्या पाहिजेत. नुसते डालगे पालथे घालून वर दगड ठेवणे पुरेसे नाही. जाळी जाड असावी, ती जमिनीत सुमारे एक फूट गाडावी, कारण कोल्हा खालून उकरतो. आणि दाराला कडी असावी. पावसाचा अंदाज जाहीर होताच छपराची कौले, जाळी व कडी त्याच दिवशी तपासावी. करडे रात्री उघड्यावर बांधू नयेत.

दुसरी गोष्ट मेलेल्या पक्ष्यांची. ती खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावीत. हमरस्त्यालगतच्या कोंबडीविक्रेत्यांकडील टाकाऊ भागाची विल्हेवाट कशी लागते, हे ग्रामपंचायतीने पाहिले पाहिजे. आणि पोपटी! वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी आणि भांबुर्डीचा पाला मडक्यात लावून शेतात रात्र जागविणे हा आपला आनंदाचा ठेवा आहे. तो अवश्य टिकवावा. फक्त हाडे आणि उरलेले अन्न शेतात टाकून येऊ नये.

तिसरी गोष्ट आरोग्याची. दिवसाढवळ्या निर्भयपणे वस्तीत शिरणारा, झोकांड्या देणारा किंवा विनाकारण अंगावर येणारा कोल्हा पिसाळलेला असू शकतो. मुंबईत 2024 मध्ये चेंबूर परिसरातील कोल्ह्यांत रेबीज आढळून आला होता. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. हळद, चुना, मिरची यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपचार जवळजवळ निरुपयोगी ठरतात. वेळेवर घेतलेली लस मात्र जीव वाचविते. शिक्षकांनी हे मुलांना शिकविले, तर ते घरोघरी पोहोचेल. गावातील कुत्र्यांना लस टोचून घेणे हाही याच कामाचा भाग आहे.

शेळी किंवा करडू मारले गेल्यास मृत जनावर न हलविता तत्काळ वनरक्षकास कळवावे, म्हणजे पंचनामा होऊन भरपाईची मागणी करता येते. वन विभागाचा 1926 हा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर असावा.

कोल्हा खाडीकाठी आपल्या आधीपासून आहे आणि तो राहणार आहे. त्याला मारून त्याची जागा रिकामी केली, तरी जोवर नाल्यात मेलेली पिले पडतात तोवर दुसरा येईलच. यासाठी पुढील ग्रामसभेत दोन विषय घ्यावेत, एवढीच विनंती: मृत पक्ष्यांसाठी खड्ड्याची जागा आणि खुराड्यांची तपासणी. हिवाळ्यातला पहिला पाऊस येण्यापूर्वी ही दोन कामे झाली, तर कोल्ह्यांचा बहुतांश बंदोबस्त झाला असे समजावे.