शैवालाची खळ आणि देहाची डागडुजी

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत रसायनांच्या कारखान्यांप्रमाणें कापडाचेहि कारखाने आहेत. सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह जातीच्या रंगांनीं नक्षी छापावयाची असली म्हणजे रंग फुटूं नये म्हणून त्यांत खळ मिसळावी लागते. पिठाची खळ येथें उपयोगी पडत नाहीं. रंग कापडाला धरावयाचा तो पिठालाच धरून बसतो. म्हणून सोडियम अल्जिनेट नांवाची पूड पाण्यांत कालवितात. ती समुद्रांतील तपकिरी शैवालापासून निघते. १८८१ सालीं स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञानें हा पदार्थ प्रथम वेगळा केला. रंगाऱ्याच्या पिंपांतील हीच खळ मनुष्याच्या देहाची डागडुजी करण्याच्या प्रयोगांत वापरतात, हें ऐकून श्रोत्यांस थट्टा वाटेल. पण गोष्ट खरी आहे.

खरचटलेली कातडी आपोआप भरून येते. परंतु भाजल्यामुळें तिचा सबंध थर गेला, किंवा गुडघ्यांतील कूर्चा झिजली, तर ती तशी भरून येत नाहीं. नुसत्या पेशी तेथें सोडून भागत नाहीं. त्यांना आधार हवा. केळवें-माहीमच्या पानमळ्यांत वेलीला चढावयास आधार नसेल तर ती जमिनीवर लोळते, तशीच पेशींची अवस्था. फरक इतकाच कीं, देहांतला आधार काम झाल्यावर विरघळून गेला पाहिजे.

हा आधार लिबलिबीत कां असावा, याचें उत्तर एका सुंदर प्रयोगांत आहे. सशाच्या कूर्चेंतील पेशी सपाट बशींत वाढविल्या कीं त्या चपट्या होतात आणि कूर्चा घडविण्याचा आपला धर्म विसरतात. १९८२ सालीं बेन्या आणि शॅफर यांनीं अशा बिघडलेल्या पेशी अगारोजच्या गोळ्यांत ठेविल्या. त्या पुन्हां वाटोळ्या झाल्या आणि आपल्या मूळ कामास लागल्या. अगारोज निघतें अगारपासून, म्हणजे आपल्या घरांतील चायना ग्रासपासून. स्वयंपाकघरांतून प्रयोगशाळेंत त्याला नेलें तें फॅनी हेस या गृहिणीनें. तिचा पति १८८१ च्या सुमारास रॉबर्ट कॉख यांच्या हाताखालीं जंतूंचा अभ्यास करीत होता व उन्हाळ्यांत त्याचें जिलेटिन वितळून जाई. तिनें अगार सुचविलें. १८८२ च्या निबंधांत कॉख यांनीं अगारचा उल्लेख केला, त्या बाईचा मात्र नाहीं!

अल्जिनेटची करामत निराळी. त्याच्या पातळ द्रावणाचा थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यांत सोडला कीं सोडियमच्या जागीं कॅल्शियम शिरतें, लांब साखळ्या एकमेकींस जखडल्या जातात आणि थेंबाची गोळी होते. विस्तव लागत नाहीं. म्हणून आंत मिसळलेल्या पेशी जिवंत राहतात. १९८० मध्यें लिम आणि सन यांनीं स्वादुपिंडांतील इन्शुलिन देणारे पेशीपुंज अशा गोळ्यांत बंद करून मधुमेही उंदरांच्या देहांत घातले. दोन-तीन आठवडे त्यांची साखर ताळ्यावर राहिली. पुढें १९९९ सालीं मूनी यांच्या मंडळीनें अल्जिनेटला प्रथिनाचे लहान तुकडे जोडले, कारण नुसत्या शैवालाला आपल्या पेशी चिकटत नाहींत. शिवाय तें पचविणारा पाचकरस मनुष्यदेहांत नाहीं, ही अडचण आहेच. छपाईची पूड अर्थातच येथें चालणार नाहीं. औषधी कामास फार शुद्ध माल लागतो.

तारापूरच्या माणसाला हा विषय परका नाहीं. २०२० च्या जानेवारींत येथील एका कारखान्यांत स्फोट होऊन कामगार प्राणास मुकले. भाजलेल्या अंगावर झांकावयास तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानें पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि पाणी यांचा जेल किरणोत्साराच्या साहाय्यानें तयार केला आहे. त्यांत अगार व कॅरॅजीनन या शैवालजन्य पदार्थांचा काय उपयोग होतो, हेंहि तेथें अभ्यासलें गेलें. ही पट्टी जखम ओली व थंड ठेवते आणि काढतांना कातडी ओढून काढीत नाहीं. रोग्याच्या दृष्टीनें हें लहान सुख नव्हे. पण ती झांकण आहे, मांडव नव्हे. खोल भाजलेल्या कामगाराला आजहि बहुधा त्याच्याच मांडीची कातडी काढून लावावी लागते. आणि अंगाचा मोठा भाग जळाला असेल तर काढावयास कातडीच पुरेशी उरत नाहीं.