कोरी नसलेली डिस्क

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'जुन्या व्हिडिओ डिस्कविषयी' असं छापलंय. माझी सगळी नोकरी बँकेत लेजर, व्हाउचर आणि लॉकरच्या किल्ल्या यांत गेली. बँकेत कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर आम्ही युनियनच्या झेंड्याखाली घोषणा दिल्या होत्या. त्याच यंत्राबद्दल मी आज बोलणार, हा काळाचा महिमा! पण गेल्या चार महिन्यांत एक गोष्ट शिकलो, आणि ती शिकताना माझ्या हातून एक नुकसान झालं. दोन्ही सांगायला उभा आहे.

जानेवारीत स्मरणिका समितीने नोटीस लावली : जुने फोटो, सीड्या असतील तर द्याव्यात. फोटो पिशव्या भरभरून आले. डिस्क आल्या चौदा. सवयीप्रमाणे मी वही घातली, कोणाची, कधी मिळाली, सही. चौदापैकी नऊ सरळ चालल्या. पाच डिस्क प्लेअरमध्ये घातल्या की 'नो डिस्क'. लॅपटॉपला हल्ली डिस्कचा कप्पाच नसतो, म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. त्यानेही या पाचांना कोऱ्या म्हटलं.

आता कोऱ्या कशा असतील? वर मार्करने लिहिलंय 'गणपती २००६'. ए-विंगमधला इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला, "आजोबा, उलटी करून ट्यूबलाइटखाली धरा." धरली. आतल्या भोकापासून बाहेरपर्यंत एक गडद पट्टा आणि कडेला फिकट कडं. गडद तेवढं लिहिलेलं, फिकट तेवढं रिकामं. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. म्हणजे मजकूर होता. यंत्राला दिसत नव्हता.

याचं कारण मला माझ्या भाषेत उमगलं. आमच्या जुन्या लेजरच्या सुरुवातीला इंडेक्सचं पान असे. कोणाचं खातं कितव्या पानावर, ते त्यात. समजा क्लार्कने वर्षभर सगळं पोस्टिंग केलं आणि इंडेक्स लिहायचाच राहिला. नवा माणूस येतो, पहिलं पान उघडतो, कोरं दिसतं, 'यात काही नाही' म्हणून लेजर मिटतो. आत पैशापैशाची नोंद आहे, पण तो पान उलटतच नाही. घरातल्या डीव्हीडी रेकॉर्डरवर किंवा कॅमेऱ्यात शूटिंग झाल्यावर शेवटी 'फायनलाइज' नावाचं एक काम करावं लागे. त्यात हा इंडेक्स पक्का लिहिला जाई आणि खातं बंद होई. ते केलं नाही तर ज्या यंत्रावर शूटिंग झालं ते स्वतःच्या तात्पुरत्या टिपणावरून डिस्क वाचतं. परक्या प्लेअरला ते टिपण कळत नाही.

मग लोकांनी ते का केलं नाही? अहो, घरच्या रेकॉर्डरवर तर डिस्क छान चालत होती, करायचं कशाला? शिवाय एकदा फायनलाइज केलं की साध्या डीव्हीडी-आर डिस्कवर पुढे काही भरता येत नाही. उरलेली जागा वाया कशी घालवायची, हा आपला मध्यमवर्गीय हिशेब. छोट्या आठ सेंटिमीटरच्या डिस्कवर तर जेमतेम अर्धा तास मावायचा, त्यातली पाच मिनिटं उरली तरी जीव तुटायचा. आणि बऱ्याच कॅमेऱ्यांना या कामासाठी बॅटरी पुरत नसे, चार्जरची वायर भिंतीला लावावी लागे. लग्नघरात कोण लावतंय? पुढे रेकॉर्डर बिघडला, भंगारवाल्याने नेला, आणि टिपण वाचणाराच गेला.

आमच्या पाचांपैकी तीन मोठ्या डिस्क बी-विंगमधल्या एकाच घरच्या. कॅसेटवरचं शूटिंग त्यांनी रेकॉर्डरवरून डिस्कवर उतरवलं होतं. "रेकॉर्डर आहे का हो?" विचारलं तर वहिनी म्हणाल्या, माळ्यावर असेल. निघाला! दिवाळीच्या आकाशकंदिलांखाली, कापडात गुंडाळलेला. रिमोट मात्र नाही, आणि फायनलाइजचा मेनू रिमोटशिवाय उघडत नाही. पण डिस्क घातली आणि चित्र आलं. तेव्हा रेकॉर्डरच्या पाठीमागच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या पिना एका छोट्या कॅप्चर यंत्राला जोडून ते कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. दोन तासांच्या डिस्कला दोन तास बसावं लागतं, पण डिस्कवर नवीन काहीही लिहिलं जात नाही. मला हाच मार्ग सर्वांत बिनधोक वाटतो. सोळा-सतरा वर्षं पडून राहिलेल्या डिस्कवर लिहायला जावं आणि मध्येच लाइट गेली तर काय घ्या!

दोन डिस्क अशा सुटल्या. तिसरी, म्हणजे 'गणपती २००६', ओरखड्यांमुळे त्या रेकॉर्डरनेही परत केली.

तिच्यासाठी ए-विंगच्या मुलाने आयसोबस्टर नावाचा प्रोग्रॅम वापरला. असे प्रोग्रॅम इंडेक्सच्या नादी लागत नाहीत. पहिल्या पानापासून एकेक पान उलटतात आणि व्हिडिओसारखं दिसेल ते उचलतात. काय सापडलं ते फुकट दाखवतात, काढून घ्यायला परवाना विकत घ्यावा लागला. तो स्मरणिकेच्या खर्चात घातला नाही, ऑडिटरसाहेबांनी काळजी करू नये. मुलाने आधी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल हार्ड डिस्कवर घेतली आणि पुढची खटपट नकलेवर केली. नुसती नक्कल व्हायला रात्र गेली. ओरखड्यापाशी ड्राइव्ह घरघर करत पुन्हापुन्हा प्रयत्न करायचा, आमची सौ. म्हणाली, मिक्सर बिघडलाय का बघा. सकाळी एक तास चार मिनिटांचं चित्र हातात आलं. बाकीचं गेलं.

आता छोट्या दोन डिस्क. एक बारशाची, ती याच पद्धतीने पूर्ण निघाली. दुसरी सी-विंगमधल्या काकूंची. काका आपले पहिले सेक्रेटरी. त्यांच्या एकसष्टीला घरच्यांनी केलेलं शूटिंग. काकूंनी ती डिस्क पैठणीच्या घडीत ठेवली होती.

मुलाची परीक्षा चालू होती. मला धीर निघेना. नात्यातल्या एकांकडे त्याच कंपनीचा कॅमेरा होता, तो आणला, डिस्क घातली. पडद्यावर इंग्रजीत आलं की डिस्क वाचता येत नाही, फॉर्मॅट करायची का? बँकेत फॉर्मॅट म्हणजे नमुना. हेड ऑफिसने फॉर्मॅट पाठवला की आपण भरून द्यायचा. मला वाटलं, वाचता येईल अशा नमुन्यात करून देतोय. मी 'येस' दाबलं. मिनिटभरात झालं. डिस्क आरडब्ल्यू होती, म्हणजे पुसून पुन्हा वापरायची. साधी आर असती तर अशी पुसली गेली नसती. मुलाने परीक्षेनंतर दोन ड्राइव्हवर प्रयत्न केले. दोन्हींना ती आता खरोखरच कोरी वाटते.

नोकरीत कॅश कमी भरली तर खिशातून भरायची रीत होती. इथे भरणार कशातून? तीन दिवस मी सी-विंगकडे फिरकलो नाही, मग गेलो आणि सगळं सांगितलं. काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "त्यात ते बोलले होते हो. एरवी कधी बोलायचे नाहीत." एवढंच. चहा दिला. मला तो पिववेना.

'गणपती २००६' मी नंतर शांतपणे तीनदा पाहिलं. आरती संपल्यावर मंडपाच्या कोपऱ्यात काका उभे आहेत आणि टँकरवाल्याच्या बिलावरून कोणालातरी बोलताहेत. पन्नासएक सेकंद. चेहरा अर्धा खांबाआड, आवाज मात्र स्वच्छ. तेवढा तुकडा वेगळा काढून मी काकूंना दिला. ही एकसष्टीची भरपाई नव्हे, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

तेव्हा मंडळी, घरी अशी डिस्क असेल तर तिच्यावर काहीही लिहू नका. कॉम्प्युटरने 'ही डिस्क कशी वापरायची' असं विचारलं तर खिडकी बंद करा. फॉर्मॅट, इनिशियलाइज, इरेज हे शब्द दिसले की हात मागे. जुना रेकॉर्डर, कॅमेरा, त्याचा चार्जर आणि मुख्य म्हणजे रिमोट भंगारात देऊ नका. डिस्कवर कागद चिकटवू नका, उन्हात ठेवू नका. लिहिलेलं एका रंगाच्या थरात असतं आणि तो उन्हाने विटतो. निघालेलं शूटिंग दोन ठिकाणी ठेवा, एक प्रत दुसऱ्या घरी.

दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी आणि तो मुलगा सोसायटीच्या ऑफिसात बसतो. गेल्या रविवारी काकू आल्या होत्या. पदराआडून आणखी एक छोटी डिस्क काढली, वहीत सही केली आणि ती माझ्या नव्हे, मुलाच्या हातात दिली.