सेदरच्या ताटातलं संत्रं

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



ज्यू लोकांचा पेसाह, म्हणजे वल्हांडण, हा इजिप्तमधल्या गुलामीतून सुटल्याचा सण. इस्रायलमध्ये तो सात दिवस, बाहेर बहुतेक ठिकाणी आठ. सणाच्या रात्री जेवणाच्या टेबलाशी हगादा नावाची पोथी वाचतात. या विधीला सेदर म्हणतात.

सण सुटकेचा खरा, पण त्याआधी बाईची कामातून सुटका नसते. घरात आंबवलेल्या धान्याचा कणही उरता कामा नये. कपाटं, खिसे, चुलीच्या खाचा, सगळं झाडायचं; भांडी बदलायची नाहीतर उकळायची. मात्झा ही बिनआंबवलेली रोटी, पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांत भाजून व्हावी लागते. १८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठी हगादा छापली गेली. तिच्यात मात्झा करणाऱ्या बायकांचं चित्र आहे, आपल्या बेने इस्रायली बायका, लुगडं नेसलेल्या. काम कोण करतं हे चित्रकाराला ठाऊक होतं!

शास्त्रानं बायकांना वगळलंय असंही नाही. तालमूद सांगतो, सेदरचे चार पेले बायकांनीही घ्यावेत, कारण त्या चमत्कारात त्याही होत्या. होत्याच. फारोनं नवजात मुलगे मारायला सांगितले, तेव्हा शिफ्रा आणि पुआ या सुइणींनी हुकूम मोडला. पण पारंपरिक हगादेत त्या नाहीत. मोशेचंही नाव जेमतेम येतं, हे मान्य. मात्र रात्रभर चर्चा करणाऱ्या पाच रब्बींची नावं ओळीनं येतात. त्या रात्री त्यांना वाढलं कोणी?

१९७६ मध्ये न्यूयॉर्कला लेखिका एस्थर ब्रोनर आणि मैत्रिणींनी बायकांचा सेदर केला. तिथे प्रत्येकीनं आई-आजीच्या नावानं ओळख करून दिली. पुढे बोस्टनच्या बायकांनी मिर्यामचा पेला आणला. त्यात पाणी असतं.

आणि संत्रं. १९८० च्या दशकात सुझॅना हेशेल या अभ्यासक बाईंनी समलिंगी ज्यू स्त्री-पुरुषांच्या पाठिंब्यासाठी सेदरच्या ताटात संत्रं ठेवलं. प्रत्येकानं फोड खायची आणि त्यांच्याविषयीचा द्वेष म्हणून बी थुंकायची. पण गोष्ट फिरली ती वेगळीच: कुणी पुरुष म्हणाला, धर्मपीठावर बाई म्हणजे सेदरच्या ताटात संत्रं, म्हणून बायकांनी ते ठेवलं! कल्पना बाईची, पण शब्द गेले पुरुषाच्या तोंडी, आणि समलिंगी तर गोष्टीतूनच गेले. हेशेलबाईंनी स्वतः लिहून ही तक्रार केली आहे. मला टोचलं ते हे, की ती खोटी गोष्ट बायकांनीही कौतुकानं सांगितली. मीही दोनदा सांगितली होती.

चहानंतर गोलात बसू, तेव्हा प्रत्येकीनं आई, आजी, पणजीच्या नावानं ओळख करून द्यावी असं सुचवते. माझ्या पणजीचं नाव मला काल मावशीला विचारावं लागलं.