अंडाशयातील ‘गाठी’ आणि मुलीचे लग्न

(ईट, ता. भूम, जि. धाराशिव येथे महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



सोनोग्राफी केंद्र म्हटले की ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी डोळ्यांसमोर येते. मुलीला जन्माआधीच संपविण्याचे पातक थांबावे म्हणून महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्याच यंत्राचा अहवाल नीट न वाचल्याने आज घरात वाढलेल्या मुलींवर निराळा अन्याय होतो. त्याविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

मुलीची पाळी लांबते, सोनोग्राफी होते आणि अहवालात ‘पॉलिसिस्टिक ओव्हरीज’ असे शब्द येतात. घरात त्याचे भाषांतर ‘गाठी झाल्या’ असे होते. मग कुजबुज सुरू होते : हिला मूल होणार नाही, लवकर उजवून टाका.

वस्तुतः या कर्करोगाच्या गाठी नव्हेत. दर महिन्याला अंडाशयात अनेक बीजपुटिका वाढू लागतात. त्यांतील एक पक्व होऊन बीज बाहेर पडते. इन्शुलिन व पुरुषी संप्रेरकांचा तोल बिघडला की ही वाढ अर्धवट थांबते. अशा बारीक पुटिका पडद्यावर दिसतात, एवढेच.

१९३५ मध्ये स्टाइन व लेव्हेंथल या अमेरिकन डॉक्टरांनी या विकाराचे वर्णन केले. २००३ मध्ये रॉटरडॅम येथे तज्ज्ञांनी कसोटी ठरविली : अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीतील चित्र या तिन्हींपैकी दोन गोष्टी असाव्यात आणि थायरॉइडसारखी अन्य कारणे नसावीत. म्हणजे केवळ चित्रावरून निदान होत नाही. पहिल्या दोन गोष्टी स्पष्ट असतील, तर प्रौढ स्त्रीला निदानासाठी सोनोग्राफीचीही गरज नसते.

पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत या निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये, असे २०१८ व २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात; कारण त्या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयातही अनेक पुटिका दिसतात. बाराव्या वर्षी पाळी आलेल्या मुलीला विसाव्या वर्षापर्यंत हे लागू आहे. अविवाहित मुलीची अन्य कारणाने तपासणी करावी लागली, तर ती पोटावरून, मूत्राशय भरलेले असताना करता येते.

मात्र दुर्लक्षही नको. निदान पक्के झाल्यास रक्तातील साखर व रक्तदाब तपासावा. पुढे मधुमेहाचा धोका असतो. पाळी दीर्घकाळ बंद राहणे गर्भाशयाच्या अस्तराला घातक ठरू शकते. नियमित व्यायाम, मोजका आहार आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध यांचा उपयोग होतो. योग्य उपचारांनी यांतील बहुसंख्य स्त्रिया माता होतात.

कार्यकर्त्या भगिनींना एकच विनंती. घरोघरी जाता, तेव्हा आईला सांगा : अहवाल शेजारणीला दाखवू नका, डॉक्टरांना दाखवा, आणि त्या कागदाकडे पाहून मुलीचे शिक्षण थांबवू नका.