मरणारा कोण होता?

आम्हा सोलापूरकरांना हाणामारीचे सिनेमे भारी आवडतात. पूर्व भागातल्या तेलुगूभाषक विणकर घरांना 'पुष्पा' (२०२१) किंवा 'आरआरआर' (२०२२) कळायला हिंदी डबिंगही लागत नाही. शिट्ट्या मीही मारल्या. पण पडद्यावर कोण कोण मेले, हे घरी पोचेपर्यंत विसरलो.

त्याआधी, २०१६ साली, आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा 'सैराट' पाहिला होता. त्यात शेवटची हत्या होताना दिसत नाही. दिसतात ती लहानग्या पोराची रक्ताने उमटलेली पावले, आवाजही नाही. दिवे लागले तरी मला उठवेना. आर्ची-परशाला मी तीन तास ओळखत होतो ना! हाणामारी जरूर दाखवा. पण मरणाऱ्याची आधी ओळख करून द्या, एवढेच मागणे.